बोलता येईल इतक्या वेगाने

१२ जानेवारी, रविवार
नाव नोंदवलं! हाफ मॅरेथॉन. तेरा मैल. वय सदुसष्ट. देणगीचे पैसे हॉस्पिसला जाणार — ह्यांचे शेवटचे दिवस जिथे गेले, तिथे. तिथली नर्स ह्यांना चमच्याने चहा पाजायची आणि मला दटावून टोस्ट खायला लावायची. उपकार फेडायला पळतेय असं नाही. ते फिटणारे नाहीत. पण नुसतं बसून तरी काय करायचं?

लायब्ररीतून पळण्यावरचं पुस्तक आणलं. लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आले तेव्हा इंग्रजीही अशीच शिकले. ह्यांची हॉस्पिटलची ड्यूटी, आणि घरी मी न् पुस्तक.

१९ जानेवारी
पुस्तक म्हणतं, बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. बोलणं तुटायला लागलं की हळू व्हा. ठीक. पण बोलायचं कोणाशी?

२० जानेवारी
ह्यांच्याशी बोलत पळाले. मोठ्याने! बॉयलरचा माणूस परत आलाच नाही, शेजारच्या आशाताईंचा ढोकळा यंदाही चिकट, तुम्ही लावलेला गुलाब मी जरा जास्तच छाटला — सगळं सांगितलं. धाप लागली नाही. रडूही आलं नाही. उलट थोडं भांडले.

८ फेब्रुवारी
गुडघा. दिवसभर शेक.

१६ फेब्रुवारी
आशाताईंनी सुयशला फोन केला. वर मलाच सांगतात, ‘वहिनी, पार्कात एकट्याच हातवारे करत होतात हो, मला राहवलं नाही.’ झालं! मुलगा दुपारी बेसिंगस्टोकहून गाडी घेऊन हजर.

‘आई, तू कोणाशी बोलत होती?’
‘तुझ्या बाबांशी. पुस्तकात लिहिलंय, बोलत पळा.’
‘डेड माणसाशी बोला असं लिहिलंय?’
‘नाही. पण जिवंत कोण येतंय सकाळी सातला माझ्याबरोबर?’

हसला नाही. म्हणाला, मेमरी क्लिनिकला दाखवू, डोकं तपासून घेऊ. हे घर विकू. तू माझ्याकडे राहा. बायको सोडून गेल्यापासून तोच एकटा राहतोय, आणि काळजी माझी! मी म्हटलं, हे घर मी सोडणार नाही. खूप बोललो दोघं. शेवटी करार — तेरा मैल पुरे केले तर घराचा विषय बंद. नाही झाले तर उन्हाळ्यात बेसिंगस्टोक. वर म्हणतो, ‘मी पण पळणार तुझ्याबरोबर.’ लक्ष ठेवायला!

३० मार्च
झोप नाही. ह्या घरातला प्रत्येक खिळा ह्यांनी ठोकलाय. निम्मे वाकडे.

६ एप्रिल, रविवार
शर्यत, आणि रामनवमीही नेमकी आजच. उपास. सुयशने हातात पळताना ताकदीसाठी चोखायच्या जेलचं पाकीट ठेवलं. ‘उपासाला चालतं का हे?’ त्याने बिचाऱ्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. ‘इट्स बेसिकली साखर, आई.’ चाललं मग!

आठव्या मैलापर्यंत मी ह्यांच्याशी बोलत होते. तुमचा मुलगा बघा कसा धापा टाकतोय, म्हटलं. तर तो एकदम म्हणाला, ‘बाबा.’

‘बाबा, मी घरी जातो ना, तेव्हा लाइट मीच लावतो. एव्हरी डे. हाऊ वॉज युअर डे, असं पण कोणी विचारत नाही.’

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबला असता — बोलायचा, आणि पळायचाही.

अगदी शेवटच्या लोकांत आलो. पण आलो! ‘ओके, तू जिंकली. घराची टॉपिक क्लोज्ड.’ मेडल घालून आशाताईंना दाखवून आले. घर राहिलं. आनंद व्हायला हवा तेवढा होत नाही.

२७ एप्रिल
सुयशने त्याचा फ्लॅट विकायला काढलाय. ‘ऑफिसला वीकमध्ये दोनदाच जायचं असतं, आई. तुझ्याकडे येऊ का राहायला?’

तुझ्याकडे म्हणतो, वेडा! मागच्या खोलीतल्या चादरी धुवायला टाकल्या.