जासिंत मास्तरांची थंड गाठ

मालवण,
ता. ९ नोव्हेंबर १९६५

आदरणीय थोरले बंधू सांतान यांस,

धाकट्या जासिंतचा नमस्कार. बेळगावची थंडी तुमच्या गुडघ्यांना कशी मानवते ते कळवा. (तोंडाने मी तुम्हाला अरेतुरे करतो, पण कागदावर 'तुम्ही' लिहायचं ही आईची शिस्त, तेव्हा बिचकू नये.) इकडे देवाच्या दयेने सगळी खुशाल आहेत, एक माझा गळा सोडून. आणि गळ्याची बातमी अशी जबरदस्त की शाळा सुटल्यासुटल्या, चहासुद्धा न घेता लिहायला बसलो आहे. मी ऑपरेशन करून घेणार! ठरलं!

सुरुवात ईस्टरच्या शर्टापासून. महादू शिंप्याने गळ्याला टेप लावली, वहीत पाहिलं, पुन्हा लावली आणि म्हणाला, "मास्तर, पोट तेवढाच आसा, पण गळो एक इंचान वाढलो." आरशात पाहतो तर कंठाच्या उजव्या अंगाला लिंबाएवढी गाठ, आणि घोट गिळला की तीही उठाबशा काढी. इथले डॉक्टर म्हणाले, गलगंड डोंगराकडच्या लोकांना फार होतो, समुद्राची मासळी खाणाऱ्यांना कमी. गाठीपेक्षा मला हा अपमानच जास्त लागला. जन्मभर बांगडे खाल्ले, त्याचं हे फळ?

मग वाडीने मला हाती घेतलं. शेजारच्या हौसाबाईने कसलासा पाला वाटून लेप दिला. गाठ तशीच, वरची कातडी मात्र सोलून निघाली. खारेपाटणच्या वैद्यांनी कांचनार गुग्गुळ दिला, पण महिन्याने गाठ चाचपून प्रामाणिकपणे म्हणाले, "मास्तर, ही हाताला कडक लागते. मुंबईला दाखवा." (त्या माणसाला मी आजन्म मानीन.)

मुंबईच्या इस्पितळात मला अणूचं औषध घातलेलं पाणी पाजलं आणि यंत्राखाली निजवून गळ्याचं चित्र काढलं. होय, अणूचं! आपल्या घराण्यात अणू प्यालेला मी पहिलाच. गाठीने ते औषध शोषलं तर ती गरम, नाही शोषलं तर थंड. माझी निघाली थंड. बायकोच्या पोटात काय राहतंय! अ‍ॅनीने हे गावात सांगितलं मात्र, सुगंधाकाकी मिऱ्यांचा काढा घेऊन दारात हजर: "थंड आसा ना? मगे ऊब देवक व्हयी!" डॉक्टरांची थंडी निराळी होती. अशा गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात, पण एखादीत वाईट रोग निघतो, आणि काढून तपासल्याशिवाय खात्री नाही. काढावी तर तिच्यामागून आवाजाची नस जाते, सुतासारखी बारीक. तिला धक्का लागला तर आवाज बसायचा. नाहीतर नुसतं लक्ष ठेवून थांबावं, किंवा गोळ्यांनी आटते का ते पाहावं. वीस वर्षं चर्चमध्ये गायकांचा म्होरक्या असलेल्या माणसाला हे सांगणं! मी टोपी उचलून दाराकडे निघालो. बरोबर आलेली अ‍ॅनी मात्र बसून राहिली. शुद्ध मराठीत तिने विचारलं, "डॉक्टर, आवाज कायमचा जाईल, की थोडेच दिवस?" तिच्या सुरात काळजी होती की आशा, हे मला अजून उमगलेलं नाही.

मी गोळ्या निवडल्या. चार महिने घेतल्या. गाठ हलली नाही, बाकी सगळं हललं. छाती धडधडे, हात थरथरत, झोप उडालेली, आणि पानिपतची लढाई मी सातवीच्या वर्गात दहा मिनिटांत हरलो. सप्टेंबरात मोंतीला, मारियामातेच्या जन्माच्या सणाला, तर गायकांना असं दामटलं की पेटीवर बसलेली फिलोमिना शेवटच्या दोन ओळी सोडून नुसती माझ्याकडे बघत राहिली. सगळी गीतं निम्म्या वेळात संपली. लोक खूश! पाद्रीबाबांनी मात्र दारात माझा हात धरला आणि म्हणाले, "जासिंत, तुला बरं नाही."

ऑक्टोबरात पुन्हा मुंबई. गाठ थोडी वाढलेली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि म्हणाले, "मास्तर, मी तुमच्या जागी असतो तर काढून घेतली असती."

मी म्हटलं, "आणि मी तुमच्या जागी असतो तर?"

"तर या थरथरत्या हातांनी मी तुम्हाला जवळ येऊ दिलं नसतं!"

ते हसले, मी हसलो, आणि तिथेच माझा निश्चय झाला. आवाज गेला तर हाताने ताल देईन, पण ही गाठ उशाशी घेऊन निजणार नाही. सोमवार ता. ६ डिसेंबर ही तारीख मिळाली आहे. मी अगदी निर्धास्त आहे. वहिनींना व मुलांना आठवण. वडीलकीचा बेसांव, तुमचा आशीर्वाद, असू द्या.

तुमचा निधड्या छातीचा भाऊ,
जासिंत

ता. क. ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते, आणि अ‍ॅनी काही केल्या सही करायला तयार नाही. बायकांचं काळीज, काय करणार! नाइलाजाने मला घरीच राहावं लागेलसं दिसतं. तुम्ही थोरले. "अजून सहा महिने थांब" अशा दोन ओळी लगेच टाकल्यात तर तुमचा शब्द मी मोडणार नाही.

ता. क. दुसरा. ओळी जरा कडक शब्दांत असाव्यात.

भावजींना अ‍ॅनीचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं. सही करणार नाही असं मी कधी म्हटलं नाही; कागद मला दाखवलेलाच नव्हता. आज यांच्या ट्रंकेत अगदी तळाशी सापडला. सही केली आहे. थांब म्हणून लिहू नका. जमलं तर त्या सोमवारी मुंबईला या. यांना आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ कोणीतरी हवं.