जानरावचा पाय आणि दोन गावांची शीव

तीर्थस्वरूप महादेवराव मामा पाटील, मुक्काम जांभळखेड, यांच्या पायांवर अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातला कारकून, म्हणजे तुमचा भाचा देवीदास, याचे डोके ठेवून दंडवत. इकडे सर्व ठीक, म्हणजे जिवंत आहोत. मामीचे गुडघे काय म्हणतात? तांबडी गाय व्याली काय? कापसाला असा भाव चढला आहे (समुद्रापलीकडे कोणी भाऊभाऊ लढून राहिले म्हणतात, आणि त्यांचे भांडण मिटू नये म्हणून आपल्या बाजारात लोक उघड नवस बोलतात) की तुमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्याचे ऐकले. बरे वाटले.

मी मात्र थकलो, मामा. ज्याला त्याला दुसऱ्याच्या आधी अमरावतीच्या बाजारात पोचायचे आहे, म्हणून गाड्या अशा धावतात की रोज एक तरी उलटते, आणि उलटलेला माणूस आणायला दवाखान्याच्या दमणीला बैल जुंपून मला जावे लागते. नुसते आणून भागत नाही. डाक्टर साहेबाने नवा कागद काढला आहे. त्यात रोग्याचे नाव, गाव, जखम हे तर आहेच, पण तो कोठे पडला, कसा पडला होता, आजूबाजूला काय होते, अंगावर काय आले, हेही भरायचे. साहेब म्हणतो, अर्धी जखम रोग्याच्या अंगावर असते आणि अर्धी त्या जागेवर राहते, ती तू माझ्यापर्यंत आण. (जागेवरची जखम कशात घालून आणू, हे तो सांगत नाही.)

आता आपल्याकडे जागा सांगण्याची रीत तुम्हाला ठाऊक. विचारले, कोठे पडला? तर उत्तर येते, सखारामच्या आज्याच्या आंब्यापाशी. आज्या गेला, सखारामही गेला, आणि आंबा तर भोसल्यांच्या अमलात तोडून त्याची दारे झाली. तरी सगळे गाव त्या आंब्याखाली बसते, त्या आंब्यापासून डावीकडे वळते. मी तसेच लिहिले. साहेब घोड्यावर बसून स्वतः पाहायला गेला आणि नसलेला आंबा दुपारभर शोधून, डोक्यात ऊन घेऊन परत आला. मला म्हणाला, पुन्हा असा कागद आला तर तुला मेळघाटात धाडतो. तिकडचा ताप कसा आहे हे मी सांगायला नको. तेव्हापासून मी फार बिनचूक लिहू लागलो होतो, आणि तेवढ्यात तुमच्या शिवेवरचे हे प्रकरण आले.

तुम्हाला सगळे माहीत आहे, तरी लिहितो, कारण तिथे तुम्ही मला काहीच माहीत नसल्यासारखे बोललात. जानराव हा मोर्शीकडचा गाडीवान बाळापूरहून कापसाची गाडी घेऊन निघाला. जांभळखेड आणि आपटवाडी यांच्या मधल्या नाल्यापाशी गाडी उलटली आणि त्याचा उजवा पाय गेला खाली. निरोप मिळताच दमणी घेऊन पोचलो. पाहतो तर गाडी नाही, बैल नाहीत, कापसाची एक गाठ नाही. चाकोरीवर फांद्या फिरवून माती सारखी केलेली, आणि वर शेणाचा सडा! नाल्याच्या काठी सडा, मामा! रांगोळी तेवढी राहिली होती. आणि जानराव? तो नाल्याच्या पात्रात, वाळूत, बाजेवर. डोके तुमच्याकडे, पाय आपटवाडीकडे, आणि दोन्ही काठांवर दोन गावांचे दोन कोतवाल, बाज आपल्या बाजूला येऊ नये म्हणून राखण करत बसलेले.

मी विचारले, हा इथे कसा आला? तर जानरावच सांगू लागला, बिचारा. म्हणाला, “जी, पयले इकडच्यायनं मले तिकडं नेलं, मंग तिकडच्यायनं इकडं आनलं. असं लई खेपा झालं. पन मान्सं चांगले हायत. दोनी गावचं गूळपानी भेटलं.” पाय सुजून कोहळ्याएवढा झालेला, वर दोन्ही गावांच्या जाणत्या म्हाताऱ्यांनी आपापला लेप थापलेला (खालचा हळदीचा, वरचा कशाचा ते विचारायची माझी छाती झाली नाही), आणि हा तारीफ करून राहिला.

शिवेचे भय मी समजू शकतो. ज्याच्या शिवेत माणूस पडला त्या पाटलाची चौकशी, मग साहेबाचा तंबू, त्याच्या घोड्यांना कडबा, आणि ऐन वेचणीत मजूर बेगारीला. मागे एका गावी साहेबाचा खानसामा उतरला, तर त्याने गावात कोंबडा ठेवला नाही, आणि पहाट झाली हे सांगायला त्या गावात कोणी उरले नाही. हे सर्व खरे. पण मी तुमच्या पाया पडून विचारले की, पायावरून चाक गेले की वरून कापसाची गाठ पडली? तर तुम्ही, ज्यांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, ते म्हणालात, “कारकून साहेब, काहून पुसून राह्यले? आमच्या शिवेत काईच झालं नाई. आमी पाह्यलंच नाई.” पलीकडे आपटवाडीच्या भगवंतराव पाटलांना विचारले, तर अक्षरशः तेच. बांधावरून तुमचे दोघांचे बोलणे बंद होऊन जमाना झाला, पण खोटे बोलायला एकच गळा! त्या वेळी मला इतका राग आला की नमस्कार न करताच मी दमणीत चढलो. त्याची माफी या पत्रात मागणार होतो, पण लिहिता लिहिता राग पुन्हा आला, तर राहू द्या.

जानरावला विचारून उपयोग नाही. तो गाठींवर झोपला होता. बैल रस्ता ओळखतात म्हणून सगळेच गाडीवान झोपतात. डोळे उघडले तेव्हा लोक त्याला ओढून काढून राहिले होते, आणि मग पुन्हा शुद्ध गेली. म्हणून मी कागदावर भरले की रोगी नाल्याच्या मधोमध बाजेवर सापडला, आजूबाजूला सडा होता, अंगावर काय आले ते कोणी पाहिले नाही. साहेबाने वाचले आणि विचारले, हा मनुष्य बाजेसकट आभाळातून पडला काय? 

मग त्याने शांतपणे समजावले, आणि तेच मला जास्त लागले. गाठ पडली असेल तर हाड नुसते मोडले आहे, फळ्या बांधून जुळेल. भरल्या गाडीचे चाक गेले असेल तर आत चुरा आहे, पाय सडेल आणि विष चढून माणूस मरेल, म्हणून तो आधीच कापला पाहिजे. सुजेमुळे आणि त्या लेपांमुळे हाताला काही कळत नाही. साहेब उद्या दिवस डोक्यावर येईपर्यंत थांबणार, पुढे नाही. जानरावची बायको सत्यभामा बाळापुरात नात्यात उतरली होती, ती आली आहे. त्याच पायाचा अंगठा मुठीत धरून बसते, उठत नाही, जेवत नाही. मला ते पाहवत नाही, मामा. मी मघापासून बाहेर ओट्यावर बसून हे लिहून राहिलो.

बाकी काय लिहावे. मामीला दंडवत. थंडीत पहाटे अंगावर पाणी घेऊ नका. लहानपणी खांद्यावर बसलेल्या देवीदासावर लोभ असू द्यावा.

ता. क. जागा बिनचूक असावी म्हणून वर जे काही लिहिले, ते सोडून द्या. कागद नव्याने भरायचा आहे आणि जागेचा रकाना मी कोरा ठेवला आहे. तुम्ही म्हणाल ते लिहितो. आपटवाडी म्हणा, आपटवाडी. तुमच्या कोंबड्या वाचतील, मी मेळघाटात जाईन. फक्त पायावर काय आले ते सांगा. पत्र आणणारा दमणीवाला जयवंता दारात उभा राहील. त्याच्या कानात सांगितले तरी चालेल.

ता. क. दुसरा. असेच पत्र भगवंतराव पाटलांनाही धाडले आहे, फक्त त्यात जांभळखेड लिहिण्याचे कबूल केले आहे. जो आधी सांगेल त्याचे गाव वाचेल. भाचा असे करतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, किंवा घ्या, पण जयवंताला आधी परत पाठवा.

ता. क. शेवटचा. पत्र बंद करताना जानरावने आत बोलावले. म्हणाला, “मामाले लिवा, माही कीव करून गाठ सांगू नका. चाक गेलं असंन तं चाकच सांगा. एका पायानं बी मी घरी जाईन जी. पाय ठेवून मेलो तं हिले कोन नेईन मोर्शीले?” सत्यभामाने ऐकले आणि त्याचा अंगठा सोडला नाही.