कपुस्ता म्हणजे डावीकडे

टोलीडो, १८ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. बर्निस हीस,

झिग्मंडचे भरपूर आशीर्वाद. वि. वि. गुडघे सोडून मी सगळीकडून ठीक आहे. लेनर्डचा खोकला तिकडच्या कोरड्या हवेत निवला असेल अशी आशा करतो.

बातमी तुला कळलीच असेल. काल डेल हॅरिगनचं खांद्याचं हाड मोडलं आणि आपल्या मार्टीला मैदानात उतरवलं. पाच वर्षं बाकावर बसून हाताने खुणा करणारा तुझा लेक आता टोलीडो पायलट्स या आपल्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक आहे, चेंडू फेकणारा आणि चाल ठरवणारा. खोटं कशाला लिहू, पहिला चेंडू त्याने समोरच्या पठ्ठ्याच्या हातात नेऊन दिला. दुसराही. सामना गेला. पण शेवटी शेवटी त्याने असा एक लांब चेंडू टाकला की माझ्या मागचा जाडा माणूस हातातलं सॉसेज खायचं विसरला. चर्चमागच्या बोळात मी त्याला हाच हात शिकवला होता, हे तुझ्या लक्षात असू दे.

आज वॉल्टरच्या सलूनमध्ये कात्री बाजूला पडली होती आणि नुसता वाद चालला होता. वॉल्टर म्हणतो, मार्टी म्हणजे स्टेपनी. पंक्चर झालं तर पुढच्या पंपापर्यंत जायला ठीक, पण स्टेपनीवर कुणी कॅलिफोर्नियाला निघत नाही. पाच सामने उरलेत. ते संपले की मालक मंडळी ठरवणार, गाडी मार्टीच्या हातात द्यायची की एप्रिलमध्ये कॉलेजातलं कुणी नवं पोर उचलायचं. नवं पोर आलं तर मार्टीला बाकसुद्धा राहणार नाही. मी वॉल्टरला सांगितलं की पोराने हॅरिगनला विसरायला लावलं नाही तर नाव बदलेन, आणि अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आलो. उरलेली घरी केली.

लेनर्डला नमस्कार सांग. लोभ आहेच, पत्रांची संख्या तेवढी वाढव.

तुझा,
झिग्मंड

---

ट्यूसॉन, २३ नोव्हेंबर १९९१

ती. दादास,

गुडघ्यांसकट सगळ्या दादाला सा. न. वि. वि. पत्र मिळालं. फोन केला असता, पण काचेच्या भट्ट्यांनी तुझे कान नेले, तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतोस.

तू खूश आहेस, मी नाही. मला झोप लागत नाही. हॅरिगन आडदांड माणूस, त्याचं हाड मोडलं. माझा मार्टी त्याच्या निम्मा. इथल्या शाळेत खेळाच्या मास्तरची जागा आहे आणि मुख्याध्यापक नाताळापर्यंत थांबायला तयार आहेत. सव्वीस वर्षांचा झाला. धड गुडघ्यांनी घरी यावा, एवढंच मागते.

आणि हाताचं काय घेऊन बसलास, दादा. हात चांगलाच आहे. पण दहा दांडगटांना आवाज देऊन हलवणं त्याच्या स्वभावात आहे का? ताटातला शेवटचा पिएरोगी, सारण भरलेला एवढासा कानवला, तोही नेहमी दुसऱ्याला देणारं पोर ते. स्वतःला काय हवंय हे त्याला तोंडाने सांगता येत नाही. शाळेचा बँड सोडायचा होता, तेव्हा मला बोलला का? तुला येऊन सांगितलं, कुणाला सांगू नको म्हणून. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत मला कळलं तरी. वॉल्टर तिखट बोलतो, पण या वेळी मला त्याचंच पटतं. तू उगीच मार्टीच्या डोक्यात हवा भरू नकोस.

थँक्सगिव्हिंगला तो तुझ्याकडे येणार म्हणतो. पोटभर जेवू घाल. माया आहेच, ती गप्प बसूनही करता येते.

तुझी,
बर्निस

---

टोलीडो, २ डिसेंबर १९९१

चि. सौ. बर्निस हीस,

आशीर्वाद, आणि थोडं हसूही. वि. वि. दोन सामने झाले, दोन्ही जिंकले. वॉल्टर म्हणतो समोरचे संघ लेचेपेचे होते. मी म्हटलं, हॅरिगन याच लेच्यापेच्यांकडून मार खायचा.

गुरुवारी मार्टी जेवायला आला होता. टर्की माझ्या हातून वाळली, पण कपुस्ता आईसारखी जमली. आंबवलेली कोबी त्याने भांडं पुसून खाल्ली. मग भांडी धुताना त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती फक्त तुला लिहितो.

सगळे ओळीत उभे राहिले की चेंडू हलायच्या आधी क्वार्टरबॅक ओरडून ठरलेली चाल बदलू शकतो, हे तुला माहीत आहे. पण त्यांचा एक जुना खेळाडू मिल्वॉकीच्या संघात गेला आणि सगळे शब्द बरोबर घेऊन गेला. तेव्हा आपल्या पठ्ठ्याने नवे शब्द कुठून आणले असतील? तुझ्या स्वयंपाकघरातून. तो कपुस्ता ओरडला की ठरलेलं सगळं रद्द, चेंडू डावीकडे. समोरच्यांना वाटतं, पोलिश शिवी आहे. बर्नी, दहा दांडगट तुझ्या कोबीवर धावतायत. आता सांग, आवाज आहे की नाही?

मामा, हे कुणाला सांगू नकोस, असं तो मला बजावून गेला. मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

लोभ ठेव, आणि त्या मुख्याध्यापकाला तिष्ठत ठेव.

तुझा,
झिग्मंड

---

टोलीडो, १७ डिसेंबर १९९१

चि. सौ. बर्निस हीस,

आशीर्वाद द्यायची माझी लायकी राहिली नाही, तरी घे. वि. वि. बर्नी, मी घाण करून ठेवली.

काल संध्याकाळी रेडिओ कानाला चिकटवून बसलो होतो. तो कार्यक्रम चालू होता, ज्यात कुणीही फोन करून बडबडतं. शेजारच्या मॉमी गावचा कुणी एक शहाणा सांगत होता की मार्टी कोवालला स्वतःचं डोकं नाही, बाहेरून सांगतील तेवढंच करतो, असा माणूस वर्षानुवर्षं संघ कसा चालवणार. माझं टाळकंच फिरलं. मी फोन लावला. असल्या फोनवर ऐकावं लागत नाही, बोलावंच लागतं, ते मला जमतं. मी म्हटलं, त्याला डोकं आहे की नाही ते मला विचारा, मी त्याचा सख्खा मामा. तो ऐन वेळी चाल बदलतो, आणि कपुस्ता म्हणजे डावीकडे.

बोलून झालं आणि हातातला फोन जड झाला. अख्ख्या शहराने ऐकलं. रविवारी शेवटचा सामना, तोही मिल्वॉकीशी, आणि मालकांनी पेपरात सांगितलंय की त्यानंतर निर्णय. आजवर दोन जिंकले, दोन हरले. सगळं या एकावर आलंय. मिल्वॉकीवाले बहिरे नाहीत, बहिरा मी आहे.

मार्टीला फोन करायला गेलो आणि ठेवून दिला. कोणत्या तोंडाने बोलू? तू आई आहेस, तू सांग. शब्द बदल म्हणावं. पोराची पाच वर्षांची वाट मी एका फोनात घालवली तर मला सुखाचा घास जाणार नाही. वॉल्टरसुद्धा आज काही टोचून बोलला नाही. यावरून काय ते समज.

तुझ्या लोभाला अपात्र,
झिग्मंड

---

ट्यूसॉन, २३ डिसेंबर १९९१

ती. दादास,

सा. न. वि. वि. आधी पाणी पी आणि जेव. सगळं ठीक आहे. तू सामना पाहिलाच असशील, पण टीव्हीचा आवाज तुला कळत नाही, म्हणून मी ऐकलेलं लिहिते.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी लगेच मार्टीला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, मामा सलूनमध्ये बोलला की रेडिओवर. रेडिओवर, म्हटलं. बरं झालं, म्हणाला आणि बाबांचा खोकला विचारू लागला. मला वाटलं, माझी समजूत घालतोय. देवासमोर मेणबत्ती लावली, आणि काय मागितलं सांगू? तो जिंकू दे, असं मागितलं. शाळा, गुडघे, काही आठवलं नाही. बाकावरून उठलेला माझा मुलगा परत बाकावर बसू नये, असं मला केव्हापासून वाटायला लागलं, देव जाणे.

शेवटचं मिनिट, आपण चार गुणांनी मागे. मैदानातल्या माइकमधून स्पष्ट ऐकू आलं. कपुस्ता, कपुस्ता. मी जेवायला हाक मारते त्याच सुरात, दादा. आणि मिल्वॉकीचे सगळेच्या सगळे डावीकडे पळाले. चेंडू उजवीकडे गेला. तिथला आपला एक लठ्ठ गडी बाजारातून घरी यावा तसा चालत टचडाउन करून आला, सहा गुण, सामना आपला. लेनर्ड उठून उभा राहिला, खोकायचाही विसरला.

मार्टीचा नंतर फोन आला. चार सामने त्याने तो शब्द खरा वापरला, मिल्वॉकीवाल्यांनी फिल्मवर ताडून पाहावा म्हणून. फक्त त्याचा अर्थ कुणीतरी शहरभर करायला हवा होता. स्वतः सांगितला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून थँक्सगिव्हिंगला मामाला सांगितला, आणि कुणाला सांगू नकोस असं बजावलं. तीन आठवडे मामा गप्प बसला म्हणून तो काळजीत पडला होता म्हणे.

मुख्याध्यापकांना मी आज नकार कळवला. मला कालपासून इतकं हलकं वाटतंय की फरशी दोनदा पुसली. लोभ आहे, आणि तुझ्या तोंडावर पहिल्यांदाच आहे.

तुझी,
बर्निस

---

टोलीडो, ९ जानेवारी १९९२

चि. सौ. बर्निस हीस,

ताठ मानेने आशीर्वाद. वि. वि. मार्टीची सही झाली. चार वर्षं गाडी त्याच्या हातात. मालक म्हणाले, हात पुष्कळांकडे असतो, मैदान कुणाला कळतं ते आम्ही पाहत होतो. वॉल्टरने आपल्या मोटारीची स्टेपनी सलूनच्या खिडकीत मांडून ठेवलीय, खाली मार्टीचं नाव लिहून. माझी दाढी फुकट केली, पूर्ण.

मी रागावलो का? घटकाभर. लाकडी चमच्यासारखं वापरलं मला पोराने. पण मग हसू आलं ते थांबेना. ज्याला आपली माणसं इतकी कळतात, त्याला संघ का कळणार नाही?

सोमवारी तो तीन राजांच्या सणाला आला होता. रीतीप्रमाणे दारावर खडूने तिन्ही राजांची अक्षरं लिहिली, कपुस्ता खाल्ली, आणि जाताना मला आणखी एक गोष्ट सांगून गेला. मामा, हे कुणाला सांगू नकोस, असंही म्हणाला. पण आता मी शहाणा झालोय. एकदा तोंड चाललं ते नशिबाने तरलं, दर वेळी तरणार नाही. मी वॉल्टरलाही बोललो नाही, आणि तुलाही लिहीत नाही. विचारू नकोस.

लोभ आहेच, तोंडाला मात्र कुलूप.

तुझा,
झिग्मंड

---

ट्यूसॉन, २९ जानेवारी १९९२

ती. दादास,

कपाळाला हात लावून सा. न. वि. वि. मार्टीचा रोज फोन येतो. मामाचं पत्र आलं का, विचारतो. आलं, म्हणते. आणखी काही लिहिलं नाही का, विचारतो. नाही, म्हणते. मग बाबांचा खोकला विचारतो.

काल शेवटी धीर करून त्या मुलीनेच फोन केला. टेरेसा नाव तिचं, बोलायला गोड आहे. जूनमध्ये लग्न करायचं म्हणतात. आईला सांगायला मार्टीची जीभ रेटेना, म्हणून त्याने तीन आठवड्यांपूर्वी मामाला सांगितलं आणि वाट पाहत बसला.

दादा, साऱ्या जन्मात एकदाच गप्प बसलास, तेही नेमकं आत्ता. मी तासभर रडले, आनंदानेच. आता कुलूप काढ, आणि साऱ्या शहराला सांगून टाक.

तुझी,
बर्निस