गप्प होते, म्हणजे ‘हो’ नव्हे

अहो,

तुम्ही झोपला आहात, आणि उठवून भांडणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

सकाळचा जप संपेपर्यंत मी बोलत नाही, हा माझा नेम तुम्हाला लग्नापासून माहीत आहे. तरी काल नेमकं जपाच्या वेळीच तुम्ही विचारलंत, “तुझ्या त्या चाकांच्या फळीचे, लाँगबोर्डचे, नट आवळू का गं? फार सैल वाटतात.” माझे डोळे मिटलेले. मी गप्प राहिले, म्हणजे ‘हो’ म्हणाले, असं तुम्ही परस्पर धरलंत!

ते नट भाचीने माझं वजन बघून तेवढेच सैल ठेवले होते. अंग कललं की फळी वळायला हवी ना! तुम्ही असे करकचून आवळलेत की वळणावर मी कलले आणि फळी सरळ जाऊन कुंपणावर आदळली. माझं कोपर सोलवटलं. वर भाचीला काय म्हणालात? “तुझ्या मावशीला या वयात हे झेपणारं नाही, हे मी आधीच ओळखलं होतं.” ओळखलं होतं कसलं, तुम्हीच घडवून आणलंत! आज जपातही तेच आठवत होतं. मणी चुकले, ते तुमच्या माथी.

नट मी पुन्हा सैल केलेत. पाना देवापाशी ठेवलाय, हात लावू नका. दूध तापवलंय, गार झालं की आत ठेवा.

मी भाचीबरोबर तळ्याकाठच्या रस्त्यावर आहे. यायचं तर जरूर या. पण बघायला या, मला धरायला नको.