सर असं बोललेच नव्हते

१४ ऑगस्ट ८१
झड लागली आहे. गुडघा दुखतो. नंदा आजही मैदानावर गेली नाही. मागच्या वर्षी राज्याच्या संघातून थोडक्यात राहिली, तेव्हापासून नातीचा बास्केटबॉलमध्ये जीवच नाही. कॉलेज संपलं की लग्नाचं बोलणं निघेल. मग खेळ कुठला. तिला खेळ शिकवणाऱ्या ठोंबरे सरांना विचारलं. म्हणाले, ‘आबाजी, हात चांगला आहे पोरीचा. फक्त राग नाई तिले.’

१६ ऑगस्ट
करून बसलो. जेवताना म्हटलं, सर पानठेल्यावर म्हणत होते, ‘कास्तकाराची पोर, वावरात तण निंदाले बरी. मोठ्या म्याचमध्ये हातपाय गळतेत तिचे.’
नंदाचा घास हातातच राहिला. ‘कोणापुढं म्हणले?’
‘चारचौघांत.’
चौथी शिकलेला माणूस मी. एवढं खोटं कुठून सुचलं.

३० ऑगस्ट
रोज पहाटे पाचला जाते. सर सांगतील तेवढं करते, बोलत नाही. ते वाक्य तिनं आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. माझे शब्द, तिचं अक्षर. पान फाडावं वाटलं. नाही फाडलं.

२१ सप्टें.
राज्याच्या संघात निवड झाली! नागपूरला शेवटच्या म्याचमध्ये कोणाला आवरली नाही म्हणतात. सर पेढे घेऊन आले, तर ही मागच्या दारानं विहिरीवर.

८ आक्टो., दसरा
सर सोनं द्यायला आले. आज भांडलेले लोकही सोनं देऊन पाया पडतात, गळ्यात पडतात. नंदानं हात पुढं केला नाही. आपट्याची पानं धरून सर तसेच उभे. सून तिच्यावर ओरडली. मी सरांना सोडायला बाहेर निघालो.
फाटकापाशी सर म्हणाले, ‘आबाजी, माह्यं काय चुकलं? पोरीले विचारून सांगजा.’
‘विचारतो’ म्हटलं. विचारतो!

१९ आक्टो.
सरांची बदली झाली. चंद्रपूरकडे. शुक्रवारी निघणार. सांगायलाच पाहिजे. पण राष्ट्रीय स्पर्धा पुढच्या महिन्यात. राग गेला आणि त्याच्यासंगं खेळही गेला तर?

२२ आक्टो.
सकाळी धीर केला. नंदा ओट्यावर बूट चढवत होती.
‘नंदा, सरांनी ते...’
‘आबाजी, आता नाई.’ मान वर केली नाही. ‘खोटं असन तर स्पर्धा झाल्यावर सांगजा.’
‘सर उद्या चालले ना बाई.’
‘मालूम आहे मले.’ नाडीची गाठ ओढली. ‘सरावरचा राग गेला, तवा मले खेळाले दुसऱ्या कोणावरचा तरी राग लागनच. तुमच्यावरचा पुरन.’
हसली असं वाटलं. नक्की नाही.
ती गेली. सर सामान बांधत असतील. निदान त्यांना तरी जाऊन सांगावं. ते विचारतील, काऊन केलं असं? काय सांगू. तासभर झाला, टोपी घालून बसलो आहे.