चौकोनी नाण्याची चिठ्ठी

मी, शिवप्पा माणिकप्पा खानापुरे, वय वर्षे चौसष्ट, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार मुरुड, जिल्हा लातूर (गेल्या ऑगस्टपर्यंत उस्मानाबाद), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दृष्टी अधू झाली आहे. स्मरण शाबूत आहे.

१. राहते घर व पोस्टातील शिल्लक माझी एकुलती कन्या दानम्मा हिला मिळावी. स्वयंपाकघराचे माळवद गळते, ते आधी पाहावे. बंधू धोंडप्पा यांनी सामाईक भिंतीवरून अकरा वर्षे अबोला धरला. ती भिंत मी त्यांना दिली. आता निदान दानम्माशी बोलावे.

२. सराफांकडे मोडीत आलेल्या चांदीतून वेचलेली ग्रीक राजांची माझी अकरा नाणी विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाने मागितली आहेत. ती एका अटीवर द्यावीत. अट कळण्यासाठी तेथे आधीच असलेले बारावे नाणे समजून घ्यावे लागेल.

३. ते चांदीचे, चौकोनी, अंगठ्याच्या नखाएवढे आहे. एका बाजूस हत्ती व ग्रीक अक्षरांत अपोलोडोटस राजाचे नाव. दुसरीकडे वशिंडाचा बैल व खरोष्ठी अक्षरे. राजा ग्रीक, परंतु दोन्ही लिपींच्या लोकांना नाणे वाचता यावे ही केवढी समज! आमच्या शेजारच्या तेरचा माल गाड्यांनी भडोचला जाई आणि तेथे ही नाणी चालत. परतीच्या गाडीतून एखादे इकडे आले असावे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

४. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मी सुट्टीत हजेरी लिहीत असे. तेथे माती उपसताना सरजाबाई शेषेराव सुरवसे यांना हे नाणे सापडले. मी मोबदला विचारला. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, “आमचा बैल चाऱ्याबिगर गेला, गुरुजी. ह्याला तरी नीट ठिवा.” मी शब्द दिला.

५. माझी पत्नी लिंगैक्य महादेवी हिने बैल पाहिला आणि नंदी म्हणून नाणे देव्हाऱ्यात ठेवले. रोज भस्माने घासून पुसे. पुढे भिंगातून पाहिले, तो राजाचे नाव पुसट आणि वशिंड सपाट. मी फार बोललो. ती एवढेच म्हणाली, “तुमचा राजा झिजला असंल. माझा बसवण्णा हाय तिथंच हाय.” नाणे मी तिच्या हयातीत देव्हाऱ्यातून काढले नाही, क्षमाही मागितली नाही.

६. तिच्यामागे, १९७९ साली, मी नाणे संग्रहालयास दिले. छापील अर्जात ‘शोधक’ असा रकाना होता. त्यात मी स्वतःचे नाव लिहिले. कोणी सांगितले नव्हते. काचेखालची चिठ्ठी आज अशी आहे: ‘शोध: शि. मा. खानापुरे. जि. उस्मानाबाद. झीज: अयोग्य हाताळणी.’ मधली ओळ सरकारने जुनी केली. पहिली खोटी आहे, तिसरी कृतघ्न. दोन्ही माझ्या हातच्या. अट अशी की, नवी चिठ्ठी लावल्यावरच अकरा नाणी सोपवावीत:

‘शोध: सरजाबाई शेषेराव सुरवसे, पाझर तलावाचे काम, १९७२. जि. लातूर. झीज: महादेवी शिवप्पा खानापुरे यांची नित्यपूजा, सात वर्षे.’

७. दानम्माने सरजाबाईंना एसटीत खिडकीशी बसवून नेऊन ती काच दाखवावी. भिंग सोबत न्यावे. नंतर ते दानम्माने ठेवावे.

८. सरजाबाईंना या पत्रान्वये मी काहीही देत नाही. त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही दिले की मृत्युपत्रावर संशय घेतात. शिवाय नाणे त्यांचेच होते. ते देणारा मी कोण?

हे पत्र दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. सरजाबाईंनी एवढेच विचारले, “बैल हाय का नीट?” मी म्हणालो, वशिंड झिजले आहे. त्या म्हणाल्या, “म्हंजे रोज कुणीतरी हात फिरवला. मंग नीटच ठिवला की, गुरुजी.” हे त्यांच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या समाधानासाठी नोंदवले.

ठिकाण: मुरुड
दिनांक: ५ मार्च १९८३

सही: शि. मा. खानापुरे

साक्षीदार:
१. ज्ञानोबा श्रीमंत काळे, निवृत्त तलाठी (सही)
२. सरजाबाई शेषेराव सुरवसे, शोधक (डाव्या अंगठ्याची निशाणी)