विचारून दिलेलं पाणी

अप्पा, आज मी नांदेडात आहे आणि उद्या दुपारी लातूरला तुमच्या घरी जेवायला जायचं आहे. एकटा नाही, सहा पाहुणे बरोबर आहेत. ते वरच्या मजल्यावर आडवे झालेत. उन्हं उतरली की त्यांना नदीच्या घाटावर न्यायचं आहे. तोवर मी लॉजच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तुम्हाला हे लिहून राहिलो आहे. तुमच्या दारात जायची धास्ती मला याआधी एकदाच वाटली होती, पहिल्यांदा तुमच्या दुकानाची पायरी चढलो त्या दिवशी.

तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्याकडे भांड्यांवर नावं घालत होतो. आता मी माणसं फिरवतो. पुण्या-मुंबईची, बंगळूरची, कधी परदेशातलीही. एका वेळी सहा. सातवा माणूस मी घेत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. सहा जण एका सतरंजीवर मावतात आणि घरातल्या बाईला सहा जणांची तोंडं लक्षात राहतात. सातवा आला की ती गर्दी होते. उदगीरचा किल्ला मी दाखवतो, कंधारचाही दाखवतो, पण जेवण कुणाच्या तरी घरी, मांडी घालून, हा माझा नियम आहे. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजीसुद्धा मी तुमच्याच रद्दीतून शिकलो. भांडं गुंडाळायचा कागद आधी वाचायचा, मग गुंडाळायचा. तुम्ही गादीवरून म्हणायचात, "गिऱ्हाईक हुबं हाय आन् हे बेणं पेपर वाचून राहिलंय." म्हणायचात, पण इंग्रजी पेपर रद्दीत आला की तो माझ्या बाजूला सरकवून ठेवायचात, हेही माझ्या लक्षात आहे.

लातूर आता तुम्हाला ओळखू येणार नाही. बाजारातली गोलाई तशीच गोल आहे, रस्तेही तेवढेच फुटतात, पण तुमच्या दुकानात मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. जिथं घागरी एकीवर एक रचलेल्या असत, तिथं आता काचेचा दरवाजा आहे आणि आत गार हवा. गाव पोरांनी भरलंय. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं जिल्ह्या-जिल्ह्यांतून येतात, खोल्या करून राहतात, पहाटे पाठीवर दप्तर टाकून क्लासला पळतात. ज्याला त्याला घरावर मजला चढवायची घाई. तुमच्या घरावरही तीन मजले चढलेत. तुमचे चिरंजीव खोल्यांचं बघतात, सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, पोरांची खानावळ चालवतात. खालचं अंगण तेवढं वहिनींनी राखलंय, आणि त्यातला शेवगा. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा अजूनही नाही. लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आलं, ते बाहेरच्यांनी ऐकलेलं असतं. प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा तेच विचारतो. मी त्यांना सगळं नीट सांगतो, कुठून आलं, कसं उतरवलं, कुणी तपशिलात चूक केली तर दुरुस्त करतो. एवढं नीट सांगणाऱ्या माणसाच्या हातून काय झालं ते आता ऐका.

मागच्या महिन्यात असेच सहा जण घेऊन मी निघालो. नांदेडातून जीप सुटायच्या आधी मी त्यांना म्हटलं, लातूरला उन्हाळा आहे, पाण्याची ओढ आहे, आपापली बाटली भरून घ्या. माझ्या मनात वहिनींच्या घागरी होत्या. चाळीस पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या घरातलं पाणी आपण कशाला खर्चायचं, असा माझा हिशोब. दुसरंही एक होतं, ते लपवत नाही. आधीच्या एका खेपेला एका बाईंचं पोट बिघडलं होतं, कुणाच्या घरचं खाऊन ते कळलं नाही, पण त्यांनी घरी गेल्यावर चार लोकांना सांगितलं आणि पुढं दोन महिने माझा फोन वाजला नाही. तेव्हापासून मी भितो.

तुमच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात सतरंजी अंथरलेली होती. ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी, वांगी, ताकाची कढी. त्याआधी वहिनींनी तुमच्या रिवाजाप्रमाणे तबकात सहा पेले पाणी आणि गुळाचे खडे आणून पुढ्यात ठेवले. गूळ सगळ्यांनी उचलला. पाण्याला कुणी हात लावला नाही. पिशव्यांतून बाटल्या निघाल्या. बंगळूरच्या एका बाईंनी तर हसून, अगदी अदबीनं, पेल्यावर तळहात धरला. त्या बिचाऱ्यांना वाटलं, आपण या घरचं पाणी वाचवतोय. मीच तसं सांगितलं होतं. वहिनींनी पेले एकेक करून तबकात ठेवले, आणि सहाही पेल्यांतलं पाणी शेवग्याच्या बुंध्याशी सावकाश ओतलं. पाहुण्यापुढं ठेवलेलं पाणी परत घागरीत जात नाही, हे तुमच्या घरात मला कुणी सांगायची गरज नाही. भाकरी वाढताना माझ्याजवळ आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पाव्हण्यांनी पाणी घरून आणलं, तर भाकरी बी बांधून आणायची की." तोंडावर हसू होतं. पाहुण्यांना वाटलं काहीतरी गंमत झाली, तेही हसले.

अप्पा, त्या हसण्यानं मला तुमची ती दुपार आठवली. मी कंधारकडच्या खेड्यातून आलेला, नुकतं मिसरूड फुटलेलं. आमच्या गावात आम्हाला पाणी वरून मिळायचं. खाली बसायचं, ओंजळ धरायची आणि देणारा धार धरायचा, त्याचं भांडं आमच्या हाताला लागू नये म्हणून. शिकलेला हात कुठंही गेलं तरी तेच करतो. तुमच्या दुकानात पहिल्या दिवशी तुम्ही तांब्या घेऊन माझ्याकडे वळलात आणि मी पायरीवर उकिडवा बसून ओंजळ पुढं केली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तुम्ही बघताय माझ्याकडे, गिऱ्हाइकं बघतायत तुमच्याकडे, आणि मी मान खाली घालून धारेची वाट बघतोय. तुम्ही म्हणालात, "ओंजळ कशाला? तांब्या धर की." मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. तुम्ही तांब्या माझ्या ओंजळीतच ठेवलात. मी पाणी प्यालो, अर्धं अंगावर सांडलं. नंतर त्याच तांब्यातलं उरलेलं तुम्ही वरून न धरता, ओठ लावून प्यालात. दोघांतलं एक गिऱ्हाईक काही न घेता उठून गेलं. तुम्ही त्याला हाक मारली नाहीत.

आणि तुमचा रागही आठवतो. पुढं कधीतरी लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला औशाकडची मंडळी आली होती. तुम्ही आत होतात. मी मोठ्या तोऱ्यात पुढं होऊन विचारलं, पाणी घेणार का? ती माणसं अवघडून नको म्हणाली. तुम्ही बाहेर येऊन त्यांच्यापुढं तांब्या ठेवलात, तर सगळी घटाघटा प्याली. ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाणी इचारायचं नसतंय, ठिवायचं असतंय. इचारलं की माणूस न्हाईच म्हणतो. इचारून दिलेलं पाणी आन् न दिलेलं पाणी, दोन्ही सारखंच." पुढचे कितीतरी दिवस मी नावं घालताना हातोडीच्या ठोक्यावर तेच म्हणत असे.

त्या जेवणानंतर चारेक दिवसांनी मी तुमच्या घरी गेलो, पुढच्या खेपेचं ठरवायला. वहिनी पोरांच्या पोळ्या लाटत होत्या. बसा म्हणाल्या, बसलो. पोरांच्या परीक्षेचं बोलल्या, तुमच्या चिरंजीवांच्या गुडघ्यांचं बोलल्या. सगळं नेहमीसारखं. मी तांब्याची वाट बघत होतो. या घरात बसल्यावर मला कधी पाण्याची वाट बघावी लागलेली नाही. मग त्यांनी लाटणं थांबवलं आणि विचारलं, "पाणी घेणार का, भाऊजी?"

अप्पा, मी कुणाचा तरी फोन आल्याचं नाटक करून बाहेर पडलो. गोलाईला एक वळसा घातला, मग दुसरा. ते वाक्य त्यांनी तुमच्याकडून उचललं की सहज तोंडातून निघालं? त्याही तुमच्याच घरात सून म्हणून आलेल्या, तुमचा तो नियम त्यांनाही पाठ असणार. आता हे घर माझ्यासाठी विचारून पाणी देणारं घर झालं का? मला बायकोनं म्हटलं, एवढं काय त्यात, वैनीच्या हातात पीठ असंल. असेल. पण मी तपशिलाचा माणूस आहे. हातात पीठ असताना त्यांनी मला किती वेळा कोपरानं तांब्या सरकवून दिलाय, ते मला माहीत आहे.

त्यावर आणखी एक झालं. पाण्याचे जार पोचवणारे एक चाचा आहेत, छोट्या टेंपोतून गल्लोगल्ली फिरतात. परवा ते तुमच्या घरासमोर भेटले. मी सहज म्हटलं, खानावळीत बरेच जार लागत असतील. ते म्हणाले, "पोरां तो नल का पीते, भाईसाब. तुमारे मेहमान आनेवाले रहे तो भाभी मेरे से जार लेते. बोलते, शहर के लोगां का पेट नाजुक रहता." मी विचारलं, मागच्या महिन्यातही? ते म्हणाले, हर बार. म्हणजे तो जार विकत आणून वहिनी तुमच्या तांब्याच्या घागरीत ओतत होत्या, घागरीचं पाणी म्हणून मान राहावा आणि पाहुण्याचं पोटही सांभाळलं जावं. एवढ्या खेपा मी त्या घागरीशेजारी बसलो, घागरीचा इतिहास पाहुण्यांना सांगितला, कुठल्या कारागिराच्या हातची ते सांगितलं, आणि तिच्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. शेवग्याला त्यांनी विकतचं पाणी घातलं त्या दिवशी.

काल फोन केला. म्हटलं, वहिनी, परवा सहा जण घेऊन येऊ का? त्या म्हणाल्या, "या की." एवढंच. "या की" ला आपल्याकडे किती अर्थ असतात ते तुम्हाला माहीत आहे. मी रात्री ते बायकोला म्हणून दाखवलं, तिला विचारलं यात राग आहे का. ती म्हणाली, तुम्ही म्हणून दाखवताय त्यात हाय, तिच्यात असंल नसंल, मला काय म्हाईत.

आणि आज दुपारी इथं लंगरमध्ये पाहुण्यांना घेऊन बसलो. नांदेडही तुमच्या वेळचं राहिलं नाही. गुरुद्वाऱ्याभोवतीच्या गल्ल्या जाऊन रुंद रस्ते झालेत, तुम्ही ज्या बोळातून पितळेचा माल उचलायचात तो बोळ मला सापडला नाही. पण पंगत तीच. सेवेकरी बादलीतून पाणी घालत ओळीनं पुढं सरकत होता. कुणाला विचारत नव्हता, वाटीत घालत होता. मी माझ्या सहाही जणांच्या हातांकडे बघत बसलो, डाळ खायचं विसरलो. सहाही जणांनी वाट्या उचलल्या आणि प्याले. त्यांच्यात एक रिटायर्ड मास्तरीण बाई आहेत, फार काळजीच्या, प्रवासभर हाताला सॅनिटायझर लावतात. त्यांनीसुद्धा दोनदा घेतलं. मी जवळजवळ विचारणार होतो, बाई, इथं चालतं तर उद्या चालेल ना? विचारलं नाही. विचारलं की माणूस नाहीच म्हणतो.

या खेपेला मी त्यांना बाटल्यांबद्दल काहीच सांगितलेलं नाही. सांगावं का, हेच तासभर घोळवतोय. प्या म्हटलं आणि, जारचं असलं तरी, कुणाचं पोट दुखलं तर माझा धंदा बसला. नको म्हटलं तर तुमचं घर गेलं. गप्प राहावं तर उद्या सतरंजीवर कुणाचा हात पिशवीकडे जाईल आणि कुणाचा पेल्याकडे, हे बघत बसायचं. माझी एवढी वर्षं त्या पेल्यावर येऊन टेकली आहेत, आणि त्या पाहुण्यांना त्याची गंधवार्ता नाही.

वर दार वाजलं, म्हणजे उठले वाटतं. हे कागद कुठं टाकायचे तोही प्रश्नच आहे. तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकले तर कव्हरवाला पोरगा उघडून बघेल. घडी करून पिशवीत ठेवतो.

पिशवीवरून आठवलं, म्हणजे विसरलो नव्हतोच. वर मी बाटल्या निघाल्या असं लिहिलंय. त्या आपोआप निघाल्या नाहीत, अप्पा. पेले पुढं आले तेव्हा सगळे जण माझ्याकडे बघत होते, आता काय करायचं म्हणून. पहिली बाटली माझ्या पिशवीतून निघाली. झाकण मी आधी उघडलं, मी आधी प्यालो, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा, आणि मग त्यांचे हात पिशव्यांकडे गेले. वहिनींनी ते बघितलं. तरी त्यांनी "पाव्हण्यांनी" म्हटलं, माझं नाव घेतलं नाही.

आता ती बाटली मी पिशवीतून काढून खुर्चीखाली ठेवली आहे. इथंच सोडून जाईन. हे लिहिता लिहिता दोनदा ती परत आत घातली होती.